ठिपके मोजू नका, काठ बघा

दिवाळीच्या सुट्टीत तारकर्लीला स्कुबा करून आलेली नाशिकची मंडळी फोटो दाखवायला लागली की माशांच्या गर्दीत मधेच एक बोटाच्या पेराएवढा, भडक रंगाचा जीव दिसतो. “हा कोणता?” म्हणून ॲपला विचारलं जातं. ॲप रंग बघून नाव सांगून मोकळं होतं आणि तिथेच घोळ होतो.

ही समुद्री गोगलगाय, पावसाळ्यात आपल्याकडे कोबीच्या पानांवर सापडते तिची लांबची नातलग. अळी असताना हिला इवलासा शंख असतो, पण वाढताना तो गळून पडतो. मग बचावाला उरतं विष. यातल्या कितीतरी जाती स्पंज खातात, त्यातली विषारी रसायनं स्वतः पचवतात आणि अंगाच्या काठावरच्या ग्रंथींत साठवून ठेवतात. भडक रंग हा माशांना दिलेला इशारा.

या इशाऱ्यापायीच ओळख पटवणं अवघड होतं. एकाच भागातल्या वेगवेगळ्या विषारी जाती एकसारख्या दिसू लागतात, कारण माशाने एकीची चव घेऊन तोंड वाकडं केलं की बाकीच्याही वाचतात. 19व्या शतकात फ्रिट्झ म्युलर यांनी फुलपाखरांवरून हेच मांडलं होतं. उलट एकाच जातीचे जीव कधीकधी एकमेकांसारखे दिसत नाहीत. ऑस्ट्रेलियाच्या पूर्व किनाऱ्यावर गोनिओब्रँकस स्प्लेंडिडस नावाची पांढरी गोगलगाय आहे. तिच्या पाठीवरचे लाल ठिपके प्रत्येकीचे निराळे, पिवळा काठ मात्र ठरलेला. संशोधकांनी ट्रिगरफिशला कृत्रिम नक्षी दाखवून पाहिलं, तर मासे काठ लक्षात ठेवत होते, ठिपक्यांकडे बघतही नव्हते. या बाबतीत मासा आपल्या ॲपपेक्षा हुशार म्हणायचा.

मग बघायचं काय? आधी डोक्यावरची दोन शिंगं. वास घेण्याचं काम त्यांचं. जवळून पाहिलं तर त्यांवर पातळ चकत्या भाकरीच्या चळतीसारख्या रचलेल्या दिसतात. रंग टोकाला आहे की बुडाला, हे टिपून ठेवा. मग पाठीच्या मागच्या भागातला कल्ल्यांचा झुपका. तो नसेल आणि पाठभर लांबट उंचवटे असतील, तर गटच वेगळा. त्यातल्या बऱ्याच जणी हायड्रॉइड, म्हणजे जेलीफिशच्या नात्यातले डंख मारणारे बारीक जीव, खाऊन त्यांच्या दंशपेशी पळवतात आणि त्या उंचवट्यांच्या टोकांत भरून ठेवतात. शिंगं नाहीत, कल्ले नाहीत आणि अंग कागदासारखं चपटं? मग ती बहुधा गोगलगायच नव्हे, तिचं सोंग घेतलेला चपटकृमी.

एवढ्यानेही भागलं नाही तर तज्ज्ञ जिभेवरचे सूक्ष्म दात आणि डीएनए तपासतात. अल्कोहोलमध्ये ठेवलेल्या नमुन्याचा रंग उडून जातो, तेव्हा याला पर्याय नाही. 2012 मध्ये जनुकांच्या आधारे एका मोठ्या कुळाची फेरमांडणी झाली आणि ओळखीची कितीतरी नावं बदलली. मुंबईचं नाव लागलेली, विंकवर्थ यांनी 1946 मध्ये वर्णन केलेली जातही आता गोनिओब्रँकस बॉम्बेयानस म्हणून ओळखली जाते. जुन्या पुस्तकात ती वेगळ्या नावाखाली शोधावी लागते.

अशा गोगलगायी बघायला स्कुबाच लागतो असंही नाही. मुंबईला गेलात तर मोठ्या ओहोटीला खडकांतली डबकी निरखून बघा. फोटो वरून एक, बाजूने एक आणि ती कशावर बसली आहे त्याचा एक, एवढे हवेतच. उचलून हातावर मात्र घेऊ नका. धक्का लागला की ती कल्ले आत ओढून घेते आणि ओळखीची मोठी खूण गायब होते.