रेशनच्या पिशवीत डाळ का नसते?

पुण्यातल्या जनता वसाहतीत किंवा लोहियानगरात एकट्या राहणाऱ्या, प्राधान्य गटातील (म्हणजे रेशनच्या धान्यास पात्र ठरलेल्या) आजींना आज महिन्याला ५ किलो धान्य मोफत मिळते; डाळ, दूध आणि भाजीची सोय मात्र त्यांची त्यांनाच करावी लागते. याचे कारण शिधावाटपाच्या उगमातच आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात धान्यटंचाई झाल्यावर शहरांतून रेशन सुरू झाले ते उपासमार टाळण्यासाठी, आणि हिशेब तेव्हापासून धान्याच्या वजनाचाच राहिला. १९७२ च्या दुष्काळात रेशनवर आलेल्या परदेशी लाल मिलोच्या, म्हणजे एक प्रकारच्या ज्वारीच्या, भाकरी ज्यांनी थापल्या, त्या बायका आज सत्तरी-ऐंशीत आहेत.

१९९९ मध्ये राज्यात पिवळी, केशरी आणि पांढरी कार्डे आली. २००० मध्ये अन्नपूर्णा योजनेने, वृद्धापकाळाच्या निवृत्तिवेतनास पात्र असूनही ते न मिळणाऱ्या ६५ वर्षांवरील निराधारांना दरमहा १० किलो धान्य मोफत देऊ केले. वृद्धांचा वेगळा विचार झाला खरा, पण हाती पडले ते धान्यच. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने प्राधान्य गटाला माणशी ५ किलोंचा हक्क दिला आणि २०२३ पासून ते मोफत झाले. डाळ किंवा हरभरा कुटुंबामागे महिन्याला किलोभर मोफत मिळाला तो २०२० मध्ये, करोनाच्या काही महिन्यांपुरता.

५ किलो म्हणजे दिवसाला सुमारे १६५ ग्रॅम धान्य, आणि त्यातून मिळणारी प्रथिने जेमतेम १५ ग्रॅम. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या शिफारशीप्रमाणे ५० किलो वजनाच्या माणसाला ती सुमारे ४१ ग्रॅम लागतात. उतारवयात भूक मंदावते आणि स्नायू झिजू लागतात, म्हणून प्रत्येक घासात पोषण अधिक हवे. तिथेच हा शिधा तोकडा पडतो, हे मला फार अन्यायाचे वाटते. त्यात आयुष्यभर धुणीभांडी करून बोटांच्या रेषा झिजलेल्या असल्या, तर रेशन दुकानातल्या ओळख पटवणाऱ्या यंत्रावर अंगठा उमटत नाही आणि दुकानात पुन्हा खेप घालावी लागते.

तरीही या बायका मार्ग काढतात. गव्हाच्या दळणात मूठभर सोयाबीन मिसळतात, मटकीला मोड आणतात, संध्याकाळी मंडईत उरलेल्या पालेभाजीचा वाटा स्वस्तात घेतात आणि दात नसल्याने पोळी वरणात कुस्करून खातात. श्रावणबाळ या राज्याच्या वृद्धांसाठीच्या निवृत्तिवेतन योजनेचे महिन्याचे दीड हजार रुपये खात्यावर जमा झाले, की त्या आठवड्यात ते वरण जरा घट्ट असते.