बाल लैंगिक शोषण : संरक्षण व साहाय्य (नागपूर)

अठरा वर्षांखालील मुलामुलींना लैंगिक अत्याचारापासून वाचवणे आणि अत्याचार झालाच तर जबाबापासून निकालापर्यंत त्यांना सांभाळून नेणे, हे काम मुख्यतः १४ नोव्हेंबर २०१२ पासून लागू असलेल्या ‘पॉक्सो’ कायद्याने चालते. त्याच्या इतिहासात नागपूरचे नाव आले ते एका वादग्रस्त निकालामुळे.

पेरू देतो म्हणून एकाने बारा वर्षांच्या मुलीला घरात नेले आणि कपड्यांवरून तिच्या अंगाला हात लावला. सत्र न्यायालयाने त्याला पॉक्सोखाली तीन वर्षांची शिक्षा दिली. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने १९ जानेवारी २०२१ रोजी ती रद्द केली. खंडपीठाचे म्हणणे असे : त्वचेला त्वचा लागली नाही, म्हणून हा ‘लैंगिक हल्ला’ नव्हे, केवळ विनयभंग. वास्तविक लैंगिक हल्ल्याची व्याख्या करणाऱ्या पॉक्सोच्या कलम ७ मध्ये ‘त्वचा’ हा शब्दच नाही. मग हातमोजे घालणारा सुटेल, असे ॲटर्नी जनरलनी सर्वोच्च न्यायालयात दाखवून दिले. १८ नोव्हेंबर २०२१ रोजी निकाल फिरला आणि तीन वर्षांची शिक्षा कायम झाली. पाहायचा तो हेतू, मधले कापड नव्हे.

कार्यपद्धती कागदावर तरी समंजस आहे. जबाब मुलाच्या घरी किंवा त्याला सोयीच्या जागी, शक्यतो महिला उपनिरीक्षकाने, गणवेश न घालता घ्यायचा. मुलाला रात्री पोलीस ठाण्यात ठेवता येत नाही. पोलिसांना चोवीस तासांत बालकल्याण समितीला, म्हणजे मुलांच्या काळजीचे व संरक्षणाचे निर्णय घेणाऱ्या समितीला, कळवावे लागते. नागपुरातली सरकारी रुग्णालये ‘मेडिकल’ असो की ‘मेयो’, तातडीच्या उपचारांआधी पोलिसांचा कागद मागता येत नाही. न्यायालयात वकील मुलाला थेट प्रश्न विचारत नाही. तो न्यायाधीशांना सांगतो, ते विचारतात. आरोपी मुलाच्या नजरेस पडू नये, हेही न्यायालयानेच पाहायचे. २०२० च्या नियमांनुसार समिती साहाय्यक व्यक्ती नेमू शकते. पुढची तारीख कधी, खटला कुठवर आला, हे घरच्यांना तिच्याकडून कळते. अर्थसाहाय्यासाठी राज्याची ‘मनोधैर्य’ योजना आहे.

इतवारीकडची गंगा-जमुना ही देहविक्रयाची वस्ती पोलिसांनी २०२१ मध्ये बंद केली. अशा ठिकाणी सापडलेली अल्पवयीन मुलगी कायद्याने आरोपी नसते, तिची संमतीही धरली जात नाही. तिला समितीपुढेच न्यावे लागते.

मदतीसाठी १०९८ हा क्रमांक चोवीस तास चालू असतो. गुन्ह्याची माहिती असून पोलिसांना न कळवणाऱ्यास सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. ‘शाळेचे नाव खराब होईल’ ही सबब इथे चालत नाही. गप्प राहिलेल्या मुलाला मात्र हे कलम लागू नाही.