ज्यूद्वेषाचा इतिहास शोधताना: वीनर लायब्ररी की आरोल्सेन?

ज्यूद्वेषाच्या इतिहासाचा अभ्यास सुरू केला की होलोकॉस्टची, म्हणजे नाझींनी केलेल्या ज्यूंच्या संहाराची, कागदपत्रं जपणारी लंडनची वीनर होलोकॉस्ट लायब्ररी आणि जर्मनीतलं आरोल्सेन अर्काइव्ह्ज हे दस्तऐवजांचं भांडार ही नावं हमखास जोडीने समोर येतात. त्यातून आरोल्सेनच्या कागदपत्रांची डिजिटल प्रत वीनरमध्येही आहे, त्यामुळे गोंधळात भरच पडते. पण एकीकडे विचारायचा प्रश्न दुसरीकडे विचारून चालत नाही.

आरोल्सेन उभं राहिलं ते दुसऱ्या महायुद्धात हरवलेली माणसं शोधण्यासाठी. सुमारे ३ कोटी दस्तऐवज तिथे आहेत आणि संशोधकांसाठी ते २००७ मध्ये खुले झाले. तिथे जाताना नाव, जन्मतारीख, गाव हाताशी हवं. बुखेनवाल्ड या नाझी छळछावणीचं एखादं कार्ड उघडलं, तर कैद्याकडून काढून घेतलेल्या वस्तू दिसतात: टोपी, कोट, पँट, बूट. छळणाऱ्या यंत्रणेने स्वतःच्या सोयीसाठी ठेवलेली ही नोंद आहे, हे वाचताना सतत ध्यानात ठेवावं लागतं. आउश्विट्झला उतरताच ज्यांना थेट गॅस चेंबरकडे नेलं, त्यांची तर छावणीत नोंदच झाली नाही. म्हणून इथे नाव मिळालं नाही, म्हणजे तो माणूस वाचला, असं कृपा करून समजू नका.

पण हा द्वेष समाजात मुरला कसा, हे त्या कार्डांतून कळत नाही. त्यासाठी वीनरच गाठावी.

आल्फ्रेड वीनर हे जर्मन ज्यू. नाझी सत्तेवर येण्याआधीपासूनच ते ज्यूविरोधी प्रचाराचा पाठपुरावा करत होते. १९३३ मध्ये त्यांना देश सोडावा लागला. ॲमस्टरडॅमला त्यांनी माहिती केंद्र काढलं आणि १९३९ मध्ये तो संग्रह लंडनला हलवला. द्वेष पसरवणारी पत्रकं, वर्तमानपत्रं, पुस्तकं त्यांनी मुद्दाम जपली, कारण उद्या पुरावा म्हणून तीच लागणार होती. युद्धानंतर नाझी नेत्यांवर चाललेल्या न्यूरेंबर्गच्या खटल्यांत या संग्रहाचा उपयोग झालाच.

नोव्हेंबर १९३८ मध्ये जर्मनीभर ज्यूंची दुकानं आणि सिनेगॉग (प्रार्थनास्थळं) फोडली, जाळली गेली. त्यानंतर लगेचच वीनर यांच्या सहकाऱ्यांनी साडेतीनशेहून जास्त साक्षी टिपून घेतल्या. बऱ्याच साक्षींवर नाव नाही, नुसता क्रमांक आहे. नाव फुटलं असतं तर सांगणाऱ्यावर आणि त्याच्या माणसांवर बेतलं असतं. मला हा भाग संपूर्ण संग्रहात सर्वांत मोलाचा वाटतो, कारण पुढे काय होणार हे ठाऊक नसताना ही माणसं बोलली आहेत. या साक्षी मूळ जर्मनमध्ये आणि इंग्रजी भाषांतरात ऑनलाइन आहेत, त्यामुळे पुण्या-नागपुरात बसूनही वाचता येतात.

वीनरची सूची चाळताना फक्त ‘होलोकॉस्ट’ शोधून थांबू नका. १९३३ च्या आधीच्या छापील साहित्याकडे आवर्जून वळा. तिथे एखाद्याचं नाव-गाव हाती लागलं, की मग आरोल्सेनच्या ऑनलाइन संग्रहात ते शोधा. स्पेलिंग बदलून बदलून पाहा, कारण एकच आडनाव जर्मन, पोलिश, हंगेरियन लिहिणाऱ्यांनी वेगवेगळं लिहिलेलं असतं.