पब्लिक फोल्डर हलवणं इतकं अवघड का होऊन बसलं

ईमेल सर्व्हर बदलताना लोकांचे मेलबॉक्स सहसा फारशी तक्रार न करता दुसरीकडे जातात. मेलबॉक्सला एक मालक असतो. आज त्याचा हलवला, उद्या तिचा. घोडं अडतं ते सामायिक फोल्डरांपाशी. तिथे मालक कोण हे बहुतेकदा कुणालाच सांगता येत नाही, वाचणारे शेकडो असतात, आणि परवानग्या कित्येक वर्षांत कुणी ना कुणी देत गेलेलं असतं. मायक्रोसॉफ्टच्या एक्स्चेंज या ईमेल सर्व्हरच्या दुनियेत या फोल्डरांना पब्लिक फोल्डर म्हणतात. त्यांचं स्थलांतर म्हटलं की सर्व्हर सांभाळणाऱ्या अनुभवी अॅडमिनच्याही कपाळावर आठी पडते. एके काळी मात्र हे काम सावकाश, कुणाला कळूही न देता करता येत होतं.

एक्स्चेंजची पहिली आवृत्ती १९९६ साली आली. तिचा क्रमांक मात्र ४.०, कारण ती आधीच्या मायक्रोसॉफ्ट मेलच्या पुढची मानली गेली. त्या वेळी एकत्र काम करण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये लोटस नोट्सचा दबदबा होता. ते १९८९पासून बाजारात होतं आणि त्यातली सामायिक माहिती आपोआप वेगवेगळ्या सर्व्हरवर पोचायची. पब्लिक फोल्डर हे त्याला दिलेलं उत्तर होतं, म्हणूनच ते पहिल्या दिवसापासून एक्स्चेंजमध्ये आहेत. चर्चा, सामायिक कॅलेंडर, ग्राहकांचे पत्ते, एखाद्या विभागाच्या नावाने येणारी पत्रं असं सगळं त्यांत ठेवता येई.

कार्यालयांना जोडणाऱ्या लाइन तेव्हा मंद होत्या, त्यामुळे एकाच फोल्डरच्या प्रती अनेक सर्व्हरवर ठेवायची सोय केली गेली. या प्रतींना रेप्लिका म्हणत. कुठल्याही प्रतीत लिहिता येई आणि बदल बाकीच्यांकडे चक्क ईमेलच्या रूपात जात, साधारणपणे दर १५ मिनिटांनी. फोल्डरांच्या झाडाची रचना आणि फोल्डरांतला मजकूर यांचं वाटप वेगवेगळं चाले. कुठली प्रत ताजी, कुठली शिळी हे ओळखणं ही डोकेदुखी होतीच. पण स्थलांतराला हीच रचना फार सोयीची पडली. नवा सर्व्हर उभा करायचा, फोल्डरांच्या रेप्लिका-यादीत त्याचं नाव घालायचं, मजकूर झिरपत तिकडे पोचू द्यायचा आणि मग जुन्याचं नाव काढून टाकायचं. आठवडा लागो की महिना, लोकांचं काम चालू राहायचं. एक्स्चेंज २००३च्या काळात यासाठी पीएफमायग्रेट नावाचं छोटं साधन मिळे. २००७ आणि २०१० सोबत तयार स्क्रिप्टच येत.

या काळात ज्याने खरोखर रडवलं ते मजकुराचं वहन नव्हे, परवानग्या. एक्स्चेंज ५.५ची स्वतःची डिरेक्टरी, म्हणजे खात्यांची नोंदवही, होती. एक्स्चेंज २००० आलं तेव्हा ती जाऊन विंडोजची अॅक्टिव्ह डिरेक्टरी आली. जुन्या फोल्डरांच्या परवानगी-यादीत कधीच नोकरी सोडून गेलेल्या, खातं पुसलं गेलेल्या माणसांची नावं तशीच पडून असत. अॅडमिन मंडळी त्यांना झाँबी म्हणत. नव्या सर्व्हरला त्या नावाचा माणूस सापडत नसे, यादीचं रूपांतर तिथेच अडे, आणि त्या एका नोंदीपायी फोल्डर मालक सोडून सगळ्यांना दिसेनासा होई. त्यात एक्स्चेंज २०००ने सगळा साठा सर्व्हरवर एम ड्राइव्ह म्हणून दाखवायची हौस केली. दिसायला साधा ड्राइव्ह, म्हणून कुणी त्यावरून परवानग्या बदलल्या, कुणी अँटिव्हायरस सोडला, आणि दोन्ही प्रकारांनी फोल्डर बिघडले. माझ्या मते एक्स्चेंजच्या इतिहासातली ही सर्वांत अनावश्यक सोय.

२००६च्या अखेरीस एक्स्चेंज २००७ आलं तेव्हा मायक्रोसॉफ्टचं मन पब्लिक फोल्डरांवरून उडालेलं होतं. सामायिक कागदपत्रांसाठी शेअरपॉइंट हे मायक्रोसॉफ्टचंच दुसरं सॉफ्टवेअर वापरा, असा सल्ला होता. पहिल्या आवृत्तीत तर फोल्डर सांभाळायला चित्रमय साधनही नव्हतं, सगळं कमांड लिहून करायचं. ओरड झाल्यावर पहिल्या सर्व्हिस पॅकमध्ये, म्हणजे सुधारणांच्या पहिल्या मोठ्या संचात, ते परत आलं. कोण कधी मोकळं आहे ही माहिती आणि ऑफलाइन पत्ता-पुस्तिका यांसाठी आउटलुक या ईमेल वाचायच्या प्रोग्रामच्या २००३ आणि त्याआधीच्या आवृत्त्या पब्लिक फोल्डरांवरच विसंबून होत्या. आउटलुक २००७पासून ती गरज संपली. आता फोल्डर आपोआप विझतील असं वाटण्याजोगी स्थिती होती. ते विझले नाहीत, कारण लोकांची रोजची कामं त्यांत अडकलेली होती.

म्हणून एक्स्चेंज २०१३मध्ये फोल्डर ठेवले, पण आतून पूर्ण बदलले. वेगळा पब्लिक फोल्डर डेटाबेस गेला, फोल्डर खास मेलबॉक्समध्ये राहू लागले आणि इतर मेलबॉक्ससारखंच संरक्षण त्यांना मिळालं. मजकुराच्या अनेक लिहिण्याजोग्या प्रती ही कल्पना रद्द झाली. झाडाच्या रचनेत बदल करण्याचा हक्कही एकाच मुख्य मेलबॉक्सकडे राहिला. रचना म्हणून हे सरसच होतं. शिळ्या प्रतींचा घोळ संपला, पण सावकाश स्थलांतराची वाटही त्याच वेळी बंद झाली. जुन्या डेटाबेसची रेप्लिका नव्या मेलबॉक्समध्ये ठेवता येत नाही, त्यामुळे एका ठरलेल्या क्षणी सगळं झाड इकडून तिकडे न्यावं लागतं.

क्रमही उलटा चालत नाही. नव्या सर्व्हरवरच्या माणसाला जुने फोल्डर दिसतात, जुन्या सर्व्हरवरच्याला नवे दिसत नाहीत. म्हणून आधी सगळे मेलबॉक्स, मग फोल्डर. ज्यांच्याकडे २००३ होतं त्यांना थेट २०१३वर जाताच येत नसे, मध्ये २००७ किंवा २०१०चा मुक्काम करावा लागे. स्थलांतरात आधी फोल्डरांच्या आकारांची यादी काढायची, कुठली फांदी कुठल्या मेलबॉक्समध्ये जाणार ते ठरवायचं, मग लोक काम करत असतानाच मजकुराची पहिली प्रत तयार होऊ द्यायची. शेवटी कुलूप. कुलूप लागलं की फोल्डर कुणालाच उघडत नाहीत, त्यांच्या पत्त्यावर येणारी पत्रं रांगेत थांबतात, आणि उरलेले बदल ओढून घेतले जातात. मागे फिरता येतं, पण नव्या बाजूला आल्यानंतर पडलेली पत्रं त्यात गमावली जातात. त्यामुळे मागे फिरायचं की नाही हे पहिल्या काही तासांतच ठरवावं लागतं.

अडथळे बहुतेक वेळा क्षुल्लक दिसणारे. फोल्डरच्या नावात उलटी तिरकी रेघ असली की काम थांबतं, कारण तीच रेघ फोल्डरांच्या वाटेत विभाजक म्हणून वापरली जाते. वेगळ्या संस्थेच्या सर्व्हरवर जाताना जुन्या पत्राला उत्तर दिलं की ते परत येतं. पत्रात पाठवणाऱ्याचा जुना अंतर्गत पत्ता कोरलेला असतो आणि तो एक्स.५०० या जुन्या पद्धतीचा जादा पत्ता म्हणून नव्या खात्याला जोडावा लागतो.

एक्स्चेंजऐवजी आयमॅप, म्हणजे सर्व्हरवरचं ईमेल वाचायची खुली पद्धत, चालवणारे सर्व्हर वापरणाऱ्यांची कथा वेगळी असली तरी दुखणी ओळखीची आहेत. आयमॅप १९८६चा, पण परवानग्यांचा मानक विस्तार आला १९९७ साली आणि वैयक्तिक, दुसऱ्याचे व सामायिक फोल्डर वेगळे ओळखण्याचा १९९८ साली. हे विस्तार ऐच्छिक असल्याने दोन सर्व्हर दोन तऱ्हांनी वागतात. एकीकडे विभाजक टिंब, दुसरीकडे तिरकी रेघ. एकीकडे ‘वाचलं’ ही खूण माणसागणिक, दुसरीकडे सगळ्यांची एकच. मग एकाने पत्र उघडलं की ते सर्वांसाठी वाचलेलं ठरतं.

एक्स्चेंज २०१३ ते २०१६ आणि २०१९ हा टप्पा त्यामानाने हलका गेला. दोन्ही बाजूंची रचना सारखी, त्यामुळे फोल्डरांचे मेलबॉक्स इतर मेलबॉक्ससारखेच हलवता आले. २०१६ आणि २०१९ यांना मायक्रोसॉफ्टकडून मिळणारा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. स्वतःचा सर्व्हर ठेवणाऱ्यांसाठी सबस्क्रिप्शन एडिशन ही एक्स्चेंजची नवी आवृत्ती आहे. मायक्रोसॉफ्टच्या क्लाउडकडे जाणाऱ्यांना मात्र ते कुलूप पुन्हा लावावंच लागतं. फोल्डरांऐवजी तिथले मायक्रोसॉफ्ट ३६५ ग्रुप, म्हणजे गटाची सामायिक जागा, वापरायचे ठरवले तर ‘फक्त वाचा’, ‘लिहा पण पुसू नका’ अशा बारीक परवानग्या जाऊन उरतात फक्त मालक आणि सदस्य. शिवाय त्या वाटेने पत्रांचे आणि कॅलेंडरचेच फोल्डर जातात. सामायिक पत्त्यांच्या फोल्डरांसाठी दुसरी जागा शोधावी लागते.