राजम यांच्या व्हायोलिनमागचं इचलकरंजीचं गाणं

डॉ. एन. राजम व्हायोलिन वाजवू लागल्या की बंदिशीचे, म्हणजे रागात-तालात बांधलेल्या गीताचे, शब्द ऐकू येतात, असं नेहमी सांगितलं जातं. थोडं वाढवून सांगितलेलं आहे. पण बंदिश आधी ठाऊक असेल, तर कुठलं अक्षर लांबवलं आणि समेवर (तालाच्या पहिल्या मात्रेवर) येताना मुखडा (बंदिशीची सुरुवातीची ओळ) कुठून उचलला, हे खरोखर कळतं. गाण्यासारख्या या वादनाला गायकी अंग म्हणतात. ते राजम यांच्यापर्यंत कसं पोचलं हे शोधायला गेलं, तर चेन्नई आणि काशी इतकं सांगून भागत नाही. मिरज-इचलकरंजीपर्यंत यावं लागतं.

राजम यांचा जन्म १९३८ चा. वडील ए. नारायण अय्यर व्हायोलिनवादक, थोरले भाऊ टी. एन. कृष्णन पुढे कर्नाटक संगीतातले फार मोठे व्हायोलिनवादक झाले. तीन वर्षांच्या वयात वडिलांनी मुलीच्या हातात व्हायोलिन दिलं. दक्षिणेत त्यात नवल काहीच नव्हतं. मुत्तुस्वामी दीक्षितारांचे धाकटे भाऊ बालुस्वामी यांनी एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच हे विलायती वाद्य कर्नाटक संगीतात आणलं. त्रावणकोरच्या स्वाती तिरुनाळ महाराजांनी १८३४ मध्ये वडिवेलूंना हस्तिदंती व्हायोलिन भेट दिलं होतं. म्हणजे राजम शिकू लागल्या तेव्हा तिथे या वाद्याची शंभरी केव्हाच उलटून गेली होती. मांडी घालून बसायचं, व्हायोलिनचं डोकं उजव्या पावलावर टेकवायचं, तारा सा-प, सा-प अशा मिळवायच्या आणि गायकाच्या मागोमाग सावलीसारखं जायचं, अशी पद्धत पक्की झालेली होती. राजम मुसिरी सुब्रमण्य अय्यर यांच्याकडे शिकल्या. ते गायक. कोवळ्या वयात त्यांनी एम. एस. सुब्बुलक्ष्मी यांची साथही केली. गळ्यामागे गज (व्हायोलिनच्या तारांवर घासायची काठी) चालवायची सवय त्यांना इथेच लागली, आणि पुढच्या सगळ्याचं मूळ मला या सवयीतच दिसतं.

मग भेटले पंडित ओंकारनाथ ठाकूर. १९५० मध्ये काशी हिंदू विद्यापीठात संगीताचं महाविद्यालय सुरू झालं, त्याचे ते पहिले प्रमुख. ओंकारनाथबुवा म्हणजे नाट्यमय गाणं: कुजबुजीइतका बारीक सूर आणि लगेच गर्जना. हे व्हायोलिनवर उतरवायचं कसं? शिकणं अगदी साधं होतं. गुरू गाणार आणि शिष्येनं ते जसंच्या तसं वाजवायचं. पण कर्नाटकी हाताला ख्याल, म्हणजे हिंदुस्तानी गाण्याचा मुख्य प्रकार, सोपा जात नाही. कर्नाटक गमकात बोट स्वराभोवती वेगानं झुलतं. ख्यालातली मींड मात्र एका स्वरावरून दुसऱ्यावर सावकाश, मधली प्रत्येक श्रुती दाखवत जाते. बोटांपेक्षाही खरी अडचण गजाची. विलंबित, म्हणजे संथ लयीच्या, ख्यालात तालाचं एकेक आवर्तन लांबलचक असतं, गजाला मात्र दोन टोकं असतात. गज उलटला की स्वरात बारीकसा सांधा येतो, आणि तो भलत्या जागी आला तर शब्द मधोमध तुटतो. म्हणून गज वळवायचा तो गायक जिथे श्वास घेईल किंवा नवं अक्षर उच्चारेल तिथेच. राजम यांच्या वादनात हा हिशेब इतका मुरलेला आहे की तो हिशेब आहे हेच ऐकणाऱ्याच्या लक्षात येत नाही.

इथे आपल्याकडचा धागा हाती लागतो. ओंकारनाथ हे विष्णू दिगंबर पलुस्करांचे शिष्य. विष्णू दिगंबर कुरुंदवाडचे. लहानपणी दारूकामाच्या अपघातात दृष्टी अधू झाली, आणि ते मिरजेला बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे शिकायला गेले. ग्वाल्हेरची ख्यालगायकी महाराष्ट्रात आणून रुजवणारे ते हेच बाळकृष्णबुवा. विष्णू दिगंबरांनी १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं, आणि त्याच परंपरेतून ओंकारनाथ घडले.

आता महाराष्ट्रातले गायकी अंगाचे व्हायोलिनवादक आठवा. पंडित गजाननबुवा जोशी (१९११–१९८७) गायक आणि व्हायोलिनवादक, दोन्ही तोलामोलाचे. त्यांचे वडील आणि गुरू अंतुबुवा जोशी हे बाळकृष्णबुवांचे थेट शिष्य. पंडित डी. के. दातार (१९३२–२०१८) यांचे वडील विष्णू दिगंबरांचे शिष्य, आणि स्वतः दातारांनी विष्णू दिगंबरांचे चिरंजीव, गायक डी. व्ही. पलुस्कर यांची साथ केलेली. एकीकडे औंध-मुंबई, दुसरीकडे चेन्नई-काशी, तरी व्हायोलिनला गायला लावणाऱ्या या तिन्ही वाटा मागे एकाच माणसापाशी मिळतात. मला हा योगायोग वाटत नाही. ग्वाल्हेर गायकीत बंदिशीला मान मोठा. अस्थायी-अंतरा हे तिचे दोन भाग नीट मांडल्याशिवाय ती माणसं पुढे सरकत नाहीत. बंदिश इतकी ठळक असेल तर वादकालाही काय वाजवायचं ते दिसतं.

याच काळात वेगळ्या वाटेनं गेलेले म्हणजे वाईचे पंडित व्ही. जी. जोग. लखनौला गायक-गुरू रातंजनकरांची तालीम, मग सरोदवादक अल्लाउद्दीन खाँसाहेबांचं मार्गदर्शन. त्यामुळे त्यांच्या वादनात तंतकारीचा (तंतुवाद्यांच्या खास शैलीचा), लयीच्या खेळाचा भाग भरपूर. सनईवादक बिस्मिल्ला खाँसाहेबांबरोबरच्या त्यांच्या जुगलबंद्या ऐकल्या की हा फरक लगेच कानात भरतो.

उत्तरेत या वाद्याला जागा मिळायला आणखी एक सरकारी कारण झालं. आकाशवाणीनं १९४० मध्ये हार्मोनियमवर बंदी घातली, ती १९७१ पर्यंत टिकली. पेटीवर जीव असलेल्या आपल्या लोकांना हा निर्णय कधीच पटला नाही, आणि ते रास्तच होतं. पण त्या तीस वर्षांत रेडिओवर साथीला सारंगीबरोबर व्हायोलिनही कानाला सवयीचं झालं.

म्हणून गायकी अंग ‘राजम यांनी शोधून काढलं’ असं जे सरसकट म्हटलं जातं, ते मला मान्य नाही. त्यांचं मोठेपण दुसरीकडे आहे. १९५९ च्या सुमारास त्या काशी हिंदू विद्यापीठात शिकवू लागल्या आणि जवळजवळ चाळीस वर्षं तिथेच राहिल्या. विभागप्रमुख झाल्या, अधिष्ठाताही झाल्या. दक्षिणेतून आलेल्या तरुण बाईनं काशीत हिंदुस्तानी संगीत शिकवायचं, हे त्या काळात सोपं नसणार. गुरूच्या गळ्यातलं व्हायोलिनवर कसं आणायचं, याची शिकवता येईल अशी रीत त्यांनी बसवली. १९८४ मध्ये पद्मश्री, २००४ मध्ये पद्मभूषण, २०१२ ची संगीत नाटक अकादमीची फेलोशिप, हे मान ओघानं आले. भाऊ टी. एन. कृष्णन यांच्याबरोबर त्यांनी जुगलबंद्याही वाजवल्या. एकाच बापानं शिकवलेले दोन हात, एक कर्नाटकी आणि एक हिंदुस्तानी.

पुढे मुलगी संगीता शंकर आणि नाती रागिणी व नंदिनी याच हाताच्या तयार झाल्या. भाची कला रामनाथ यांनी आत्याकडून घेतलं आणि नंतर पंडित जसराजांचं गाणं व्हायोलिनवर आणलं. त्यांना पुन्हा एक गायकच गुरू मिळाला. राजम, लेक आणि नाती एकत्र वाजवायला बसतात तेव्हा तान कोणाची हे चटकन ओळखता येतं. मुखडा आला की मात्र सगळे गज एकाच अक्षरावर वळतात.