समुद्राचं मीठ आणि आयोडीनचं मीठ

"खडे मीठ समुद्रातलं, म्हणजे त्यात आयोडीन आलंच की!" लोणच्याच्या दिवसांत हे वाक्य घरात एकदा तरी होतंच. जरा हिशेब मांडू. लिटरभर समुद्राच्या पाण्यात मीठ साधारण ३५ ग्रॅम आणि आयोडीन जेमतेम ६० मायक्रोग्रॅम. मिठागरात पाणी आटताना ते सगळं मिठात उतरलं असं धरलं (उतरत नाही), तरी ग्रॅमला दोन मायक्रोग्रॅमही भरत नाही. मोठ्या माणसाला रोज लागतात १५०. भागवायचं तर दिवसाला ८०-९० ग्रॅम मीठ खावं लागेल!

पाकिटातल्या मिठात आयोडीन वरून घातलेलं असतं, पोटॅशियम आयोडेटच्या रूपात, कारण ते आपल्या दमट हवेत टिकतं. दुकानात पोचल्यावरही ग्रॅममागे किमान १५ मायक्रोग्रॅम, असा नियम आहे. उपासाचं सैंधव खाणीतलं. त्याच्याकडूनही आयोडीनची आशा नको.

आयोडीन घालायला मीठच का निवडलं? गरीब-श्रीमंत सगळे खातात, रोज आणि जवळपास सारखंच. १९५६ पासून संशोधक डॉ. रामलिंगस्वामी आणि सहकाऱ्यांनी आजच्या हिमाचलच्या कांगडा खोऱ्यात काही भागांना आयोडीनचं मीठ दिलं, एका भागाला साधं. आयोडीनवाल्या भागांत गलगंड (आयोडीनअभावी गळ्याला येणारी गाठ) उतरला. १९६२ मध्ये राष्ट्रीय गलगंड नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला.

मग सक्ती आली आणि वादही. खाण्यासाठी बिनआयोडीनचं मीठ विकण्यावरची १९९८ ची केंद्राची बंदी २००० मध्ये उठली, २००६ मध्ये परत लागली. छोट्या आगरवाल्यांचं म्हणणं असं की यंत्रं आणि पाकिटं मोठ्या कंपन्यांनाच परवडतात. ही तक्रार मला रास्त वाटते. "माझ्या ताटात काय, ते मी ठरवीन" हा मुद्दा मात्र पोटातल्या बाळापाशी अडखळतो. आयोडीन कमी पडलं तर आईच्या गळ्याला गाठ दिसतही नाही आणि बाळाच्या मेंदूची वाढ खुंटलेली असू शकते. त्याला कोण विचारणार? २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो बंदीचा नियम रद्द ठरवला, तोही कायद्याच्या चौकटीत बसत नाही म्हणून. पुढे अन्नसुरक्षेच्या नव्या नियमांत बंदी पुन्हा आली.

टिकवणीसाठी बिनआयोडीनचं मीठ तसं लिहून विकता येतं. तेव्हा लोणच्याच्या बरणीत खुशाल खडे मीठ घाला. आमटीत पाकिटातलं, आणि डब्याचं झाकण घट्ट लावून.