हालचाल मोजतो म्हणजे आम्ही नेमके काय करतो?

स्नायूंच्या आनुवंशिक आजारांसाठी नागपुरात धंतोलीतल्या आमच्या केंद्रात येणाऱ्या घरांकरिता माहितीपत्रक

"माह्या नातवाले कमी मार्क काहून देल्ले जी?"

भंडाऱ्याहून आलेल्या एका आजोबांनी हे विचारले, आणि हे पत्रक लिहायचे ठरले. नातू नऊ वर्षांचा, आजार डीएमडी, म्हणजे डुशेन मस्क्युलर डिस्ट्रॉफी, ज्यात स्नायू हळूहळू कमी होत जातात. आधीच्या खेपेला ३४ पैकी २२ गुण होते, या खेपेला १९. आजोबांच्या डोळ्यांपुढे शाळेचे प्रगतिपुस्तक होते. त्यात चूक आमचीच होती. आकडा लिहिलेला कागद हातात देऊन आम्ही मोकळे झालो, तो कशाचा आकडा आहे हे सांगायचे राहून गेले.

इथे कोणी पास होत नाही आणि नापासही होत नाही. आज अंगाकडून कोणते काम किती होते, याची ती नोंद असते. ती शेजारच्या मुलाच्या नोंदीशी ताडायची नसते, स्वतःच्याच सहा महिन्यांपूर्वीच्या नोंदीशी ताडायची असते.

मोजायचे कशाला?

विदर्भात आनुवंशिक आजार म्हटला की आधी सिकलसेल आठवतो. त्यात रक्त तपासून बरेच कळते. स्नायूंच्या आजारात जनुकाची तपासणी आजाराचे नाव सांगते, पण पोराला आज जिना चढता येतो की नाही हे सांगत नाही. ते पाहूनच कळते. घरच्यांना तर ते सर्वांत उशिरा कळते, कारण रोज पाहणाऱ्याला बदल दिसत नाही. पंगतीतून उठताना मूल आधी एक हात टेकवायचे, आता दोन टेकवते, हे आधी दिवाळीला आलेल्या मावशीच्याच लक्षात येते.

डॉक्टरांना मात्र हे वेळेवर कळावे लागते. स्टिरॉइडचा डोस, पायातले स्प्लिंट, पाठीच्या कण्यावर नजर, व्हीलचेअर केव्हा घ्यायची, हे सगळे निर्णय हालचालीच्या कलावर ठरतात. एसएमए, म्हणजे मज्जारज्जूतल्या पेशी निकामी होऊन स्नायू दुबळे होण्याचा आनुवंशिक आजार, त्यावर २०१६ पासून आलेल्या नव्या औषधांचा गुण येतो आहे का, हेही याच मोजपट्ट्यांनी, म्हणजे ठरलेल्या कामांना गुण देऊन, पाहतात.

इथे सीपीके या रक्ततपासणीबद्दल थोडे सविस्तर सांगायला हवे, कारण दर आठवड्याला कोणी ना कोणी तो रिपोर्ट घेऊन आनंदाने येते. "पंधरा हजार होता, आता सहा हजारांवर आला, म्हणजे सुधारणा आहे ना?" डीएमडीत तसे म्हणता येत नाही. सीपीके हा स्नायूंतला एक घटक, तो स्नायूंच्या पेशींतून रक्तात झिरपतो. डीएमडीच्या मुलांत तो लहानपणापासूनच खूप वाढलेला असतो. पुढे स्नायूच कमी होत गेला की झिरपायला उरते तेही कमी, म्हणून आकडा खाली येतो. आदल्या दिवशी मूल जास्त पळाले तर तो वरही जातो. निदानाच्या वेळी या तपासणीचा मोठा उपयोग होतो, पण ताकद किती उरली हे तिच्यावरून ठरवू नका. तो रिपोर्ट पुन्हा पुन्हा काढण्यावर पैसे घालवू नका, असे आमचे स्पष्ट मत आहे.

कोणाला कोणती मोजपट्टी?

चालणाऱ्या डीएमडीच्या मुलांसाठी आम्ही नॉर्थ स्टार नावाची मोजपट्टी वापरतो. त्यात सतरा कामे असतात. उभे राहणे, खुर्चीवरून उठणे, एका पायावर उभे राहणे, पायरी चढणे-उतरणे, टाचांवर उभे राहणे, उडी, लंगडी, धावणे वगैरे. नीट केले तर २, कसेबसे किंवा आधार घेऊन केले तर १, नाही झाले तर ०. म्हणून एकूण ३४. दहा मीटर धावायला आणि जमिनीवरून उठायला किती सेकंद लागले, हे वेगळे लिहितो. मांडीवर हात टेकत, जणू स्वतःच्याच अंगावर चढत उभे राहण्याची जी पद्धत, तिचे वर्णन लंडनचे डॉक्टर विल्यम गॉवर्स यांनी १८७९ मध्ये केले होते. आम्ही आजही तेच पाहतो, फक्त हातात स्टॉपवॉच असते.

एक गोष्ट पालकांना चकवते. डीएमडीत साधारण सहा-सात वर्षांपर्यंत मुलाचे गुण वाढूही शकतात. आजार थांबलेला नसतो, पण मूल वाढत असते, नव्या गोष्टी शिकत असते, आणि काही काळ वाढीचा जोर आजारापेक्षा जास्त पडतो. अशा वेळी "औषधाची गरजच नाही" असे सांगणारे नातेवाईक भेटतात. त्यांना चहा पाजा, सल्ला डॉक्टरांचा घ्या.

चालणे थांबलेल्यांसाठी आणि मोठ्या माणसांच्या लिंब गर्डलसारख्या (खांदे आणि कमरेचे स्नायू दुबळे करणाऱ्या) आजारांसाठी आमची आवडती मोजपट्टी एमएफएम, म्हणजे मोटर फंक्शन मेझर. फ्रान्समधल्या लियॉन शहरात ती तयार झाली, २००५ मध्ये प्रसिद्ध झाली. ती एका आजारापुरती नाही, स्नायू आणि नसांच्या बऱ्याच आजारांना चालते, आणि चालणारा व व्हीलचेअरवरचा या दोघांनाही एकाच मापाने मोजता येते. कामे ३२, प्रत्येकाला ० ते ३ गुण. सुरुवातच झाली नाही तर ०, अर्धवट झाले तर १, पूर्ण झाले पण हळू किंवा अंग वाकडे करून तर २, नेहमीसारखे झाले तर ३. सगळे मिळून ९६, ते टक्क्यांत लिहितो. सात वर्षांखालच्या मुलांसाठी वीस कामांची छोटी आवृत्ती आहे.

या मोजपट्टीचे तीन भाग कागदावर वेगवेगळे दिसतील. पहिला भाग उभे राहणे आणि जागा बदलण्याचा, त्यात तेरा कामे. दुसरा धड, खांदे आणि कमरेजवळच्या स्नायूंचा, बारा कामे. तिसरा हातापायांच्या टोकांचा, सात कामे. टेबलावरची दहा नाणी एकेक करून एकाच हातात वीस सेकंदांत गोळा करणे, घडी केलेला कागद घडीच्या बाजूने फाडणे, सीडीच्या कडेवरून बोट फिरवणे, अशी ही कामे. बघायला पोरखेळ वाटतो. पण चालणे थांबल्यावर पहिला भाग शून्याजवळ जातो आणि घरचे म्हणतात, "आता काय मोजायचे उरले?" तेव्हा तिसरा भागच बोलतो. बोटे चालतात म्हणजे मोबाइल चालतो, पेन चालते, व्हीलचेअरची जॉयस्टिक चालते. हे सांभाळायला वेळेवर कळावे लागते, म्हणून चालणे थांबल्यावर येणे थांबवू नका. त्याच दिवशी श्वासाचीही मोजणी करतो, कारण छातीच्या स्नायूंची तक्रार तोंडाने उशिरा येते.

एसएमएच्या तान्ह्या बाळांसाठी सोळा कामांची, ६४ गुणांची वेगळी मोजपट्टी आहे, तिला चॉप इंटेंड म्हणतात. बाळ पोटभर दूध प्यायलेले पण झोपेला न आलेले हवे. रडत असेल तर आम्ही थांबतो. बसू शकणाऱ्या एसएमएच्या मुलांसाठी ६६ गुणांची हॅमरस्मिथ. हातांच्या ताकदीसाठी निराळी. ही सगळी नावे लक्षात ठेवू नका. फक्त आधी कोणती मोजपट्टी वापरली होती ते विचारून घ्या, कारण हॅमरस्मिथचे ४० आणि एमएफएमचे ४० यांचा एकमेकांशी काही संबंध नाही.

सहा मिनिटे चालण्याची चाचणी बहुतेकांनी ऐकली असेल. आमची सरळ पट्टी २५ मीटरची आहे, दोन्ही टोकांना वळायचे. धावायचे नाही, दमले तर थांबायचे, घड्याळ मात्र थांबत नाही. पट्टीची लांबी बदलली की वळणे कमी-जास्त होतात आणि अंतरही बदलते. म्हणून दुसरीकडे ही चाचणी झाली असेल तर तिथली पट्टी किती लांब होती ते लिहून आणा.

कृपा करून मदत करू नका

खोलीत आई-बाबांपैकी एकजण बसू शकतो. पण बसून "अरे, घरी तर करतोस ना, दाखव सरांना!" हे नको. आम्ही प्रत्येकाला ठरलेले शब्दच बोलतो, ठरलेले प्रोत्साहन देतो. एका खेपेला चॉकलेटचे आमिष आणि दुसऱ्या खेपेला डोळे वटारणे झाले, तर दोन आकडे जुळवायचे कसे? मूल खुर्चीवरून उठताना आजीचा हात आपोआप पुढे जातो, ते समजते. तरी हात मांडीवर ठेवा.

आदल्या दिवशी सरावही नको. एका घराने मुलाला आदल्या संध्याकाळी चार मजल्यांचे जिने चढ-उतर करायला लावले होते, 'तयारी' म्हणून. डीएमडीच्या स्नायूला जिना उतरण्याचा ताण फार जड जातो. दुसऱ्या दिवशी पिंढऱ्या दुखत होत्या आणि ती मोजणी आम्हाला रद्द करावी लागली. 'जिम लावा, ताकद येईल' हा शेजारच्यांचा सल्लाही त्याच पठडीतला.

कोणतेही औषध मोजणीसाठी थांबवायचे नाही. स्टिरॉइड तर एक दिवसही नाही. ते अचानक बंद करणे धोक्याचे असते. ताप, जुलाब, नुकतेच झालेले ऑपरेशन असेल तर फोन करा, तारीख पुढे नेऊ.

गोंदिया, गडचिरोली, बालाघाटहून रात्रभर प्रवास करून सकाळी थेट आमच्या दारात उतरणारी कुटुंबे आहेत. थकलेल्या अंगाची मोजणी थकव्याचीच होते. जमल्यास आदल्या दिवशी या, रात्री नीट झोपा. उन्हाळ्यात आम्ही फक्त सकाळी आठ ते अकरा मोजतो. मे महिन्यात पारा पंचेचाळिशीत असताना दुपारी घेतलेल्या आकड्याला आम्ही स्वतःच किंमत देत नाही. मायोटॉनिक आजारात, म्हणजे आवळलेला स्नायू पटकन सैल होत नाही अशा आजारात, काहींची मूठ थंडीत लवकर उघडत नाही, म्हणून डिसेंबरमध्ये खोली ऊबदार करूनच सुरुवात होते.

कागद कसा वाचायचा?

वरच्या कोपऱ्यात तारीख, वेळ, मोजणाऱ्याचे नाव, औषधे आणि वजन. वजनाकडे बघाच. स्टिरॉइडवर ते वाढते, आणि तेवढ्याच स्नायूला जास्त ओझे उचलावे लागते. त्याखाली गुण, आणि तिसऱ्या खेपेपासून आलेख. एक-दोन गुणांचा फरक मोजणाऱ्याचा, झोपेचा किंवा मूडचाही असू शकतो, त्याला आम्ही लगेच बदल म्हणत नाही. सलग दोन-तीन खेपांत एकाच दिशेला गेले, की तसे लिहितो आणि तुमच्या डॉक्टरांना फोनही करतो. शक्यतो प्रत्येक खेपेला तोच माणूस मोजेल, असे वेळापत्रक लावतो.

आजोबांच्या नातवाचे तीन गुण कुठे गेले, तेही सांगतो. लंगडी दोन्ही पायांवर एकेक गुणाने कमी झाली, आणि जमिनीवरून उठणे २ वरून १ वर आले. बाकी चौदा कामे जशीच्या तशी होती. आजोबांनी ते ऐकले आणि म्हणाले, "म्हणजे जेवाले आता पाटाऐवजी खुर्ची द्याले पायजे." आम्हाला नेमके तेच सुचवायचे होते.

आमच्याकडे काय नाही?

निदान करत नाही, औषध लिहून देत नाही, तेल-मालिश विकत नाही. दिव्यांगांच्या हक्कांच्या २०१६ च्या कायद्यातल्या २१ दिव्यांगत्वांत मस्क्युलर डिस्ट्रॉफी आहे, पण दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र आणि यूडीआयडी, म्हणजे दिव्यांगांचे ओळखपत्र, सरकारी यंत्रणेतूनच मिळते. आमचा कागद त्यांच्यापुढे सोबत ठेवता येईल, त्यांच्या जागी चालणार नाही.

येताना

हाफ पँट आणि सैल टी-शर्ट. मोजणी अनवाणी होते, पण स्प्लिंट, बूट, काठी जे वापरता ते आणा. जुने कागद आणा, झेरॉक्स चालेल. घरात मूल जमिनीवरून उठताना, जिना चढताना मोबाइलवर घेतलेले व्हिडिओ असतील तर उत्तम. ते बाजूने घ्या, समोरून नको. तासाभरापूर्वी हलके खाणे झालेले असावे. तर्री पोहे मोजणीनंतर.

पूर्ण मोजणीला दीड तास धरा, मध्ये विश्रांती असते. पहिली मोजणी निदान होताच करून घ्या, पुढे दर सहा महिन्यांनी. नवे औषध सुरू होणार असेल तर सुरू होण्याआधी एकदा नक्की. शुल्क दाराजवळच्या फलकावर लिहिले आहे. हप्त्याने द्यायचे असेल तर काउंटरवर ताईंना सांगा, कारण विचारले जाणार नाही.

धंतोलीत गाडी लावायला जागा मिळणे म्हणजे नशीब. मेट्रोने काँग्रेस नगरला उतरा, स्टेशनला लिफ्ट आहे, व्हीलचेअर सहज येते. गाडीनेच येत असाल तर आधी फोन करा, आमचा माणूस खाली येऊन मुलाला उतरवून घेईल, मग तुम्ही गाडी कुठे लावायची ते शोधा.